घराला एकच कान होता तेव्हा

दिवाळीच्या साफसफाईत घराचा भूतकाळ माळ्यावरून खाली उतरतो, हा बहुतेक मराठी घरांचा अनुभव आहे. यंदा आमच्या साताऱ्याच्या घरी तो एका पत्र्याच्या ट्रंकेतून उतरला. गंजलेला अडकित्ता, टपाल तिकिटांची माझी अर्धवट राहिलेली वही, राणी हरवलेल्या कॅरमच्या सोंगट्यांची डबी आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सात कॅसेट. त्यांतील एकीवर वडिलांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते : 'पेटी. घरी. जून १९८६.'

वडील जाऊन चौदा वर्षे झाली. ते जिल्हा परिषदेत कारकून होते. दिवसभर फायलींत मान घालून बसणारा हा माणूस एकादशीला भजनी मंडळात पेटीच्या साथीला बसला, की निराळाच दिसे. पेटी त्यांना कुणी शिकवली नव्हती. ती त्यांनी रेडिओ ऐकून, कानाने उचलली होती. यातली गंमत ते स्वतःच सांगत. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती शिथिल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. पेटीचे स्वर पट्ट्यांत बांधलेले, तिच्यात मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवता येत नाहीत, शिवाय वाद्य परदेशातून आलेले, असे आक्षेप होते. "ज्या घरात माझ्या वाद्याला मज्जाव, त्याच घराशी माझी सोयरीक," असे म्हणून वडील हसत.

खरे सांगायचे, तर ती कॅसेट हाती आली तेव्हाच या लेखाचा आराखडा मनात तयार झाला होता. पूर्वी घरात एकच रेडिओ होता आणि सारे घर त्याच्याभोवती बसत असे. आता माणशी एक मोबाईल आहे आणि प्रत्येकाच्या कानात आपापली बोंडे आहेत, असा तो आराखडा होता. तो खोटाही नव्हता. रेडिओ बाळगायला टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. ती पद्धत ऐंशीच्या दशकात बंद झाली. रेडिओ ही घराची सामाईक मालमत्ता होती. पहाटेचे भक्तिसंगीत आजीसाठी, प्रादेशिक बातम्या वडिलांसाठी, दुपारचे 'वनिता मंडळ' आईसाठी आणि 'आपली आवड' सर्वांसाठी. १९५७ साली सुरू झालेली विविध भारती रात्री उशिरापर्यंत सोबतीला असे.

आमच्या आधीच्या पिढीने तर याहून मोठा सोहळा पाहिला. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. गदिमांचे शब्द आणि बाबूजींचे स्वर यांनी नटलेली छप्पन्न गीते वर्षभर, आठवड्याला एक, या क्रमाने घरोघरी पोहोचली. एक गीत ऐकल्यावर पुढच्या गीतासाठी आठवडाभर थांबावे लागे. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता, ते शेजाऱ्यांच्या ओसरीवर येऊन बसत. संपूर्ण समाजाने एकाच वेळी, एकच गोष्ट, एकाच श्रद्धेने ऐकावी, असे भाग्य मराठी मनाला क्वचितच लाभले असेल.

हे सारे लिहायचे म्हणून कॅसेट ऐकणे भाग होते आणि तिथेच माझा आराखडा कोसळला.

घरचा जुना टू-इन-वन अद्याप होता. पण आतला रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा झाला होता. पेठेतल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्ती करणाऱ्याने तो बदलून दिला. फितीवर पांढरट बुरशी धरली होती, ती माझ्या मुलाने कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसली. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एरवी त्याच्या कानातील बोंडे निघतात ती फक्त आंघोळीला, असे त्याची आजी म्हणते. त्याने टू-इन-वनला वायर लावली, तिचे दुसरे टोक लॅपटॉपला जोडले आणि म्हणाला, "बाबा, ही फाईल कॉपी करण्यासारखी मिनिटात होणार नाही. कॅसेट साठ मिनिटांची असेल, तर साठ मिनिटं वाजू द्यावी लागेल. आणि खोलीत गडबड नको, मला मध्येमध्ये आवाज तपासायचाय."

घाई करू न देणारे यंत्र पुष्कळ वर्षांनी घरात आले होते. आम्ही चौघे बसलो. आई, पत्नी, मुलगा आणि मी. आधी नुसती खरखर. मग भाता हलल्याचा आवाज, आणि भूप. अगदी सावकाश. मागे कुकरची शिट्टी झाली, आजीने कुणाला तरी हाक मारली, रस्त्यावरून सायकलची घंटा गेली. आईने डोळ्यांना पदर लावला. वडील पेटीवर एका जागी अडखळले, पुन्हा मागे आले आणि तीच जागा नीट घेऊन पुढे गेले. अकरा-बारा मिनिटे झाली असतील. तेवढ्यात एक घोगरा, वयात येणारा आवाज फितीवर उमटला :

"अण्णा, अजून किती वेळ? मला कॉमेंट्री ऐकायचीय."

पेटी थांबली. क्षणभर काहीच नाही. मग वडिलांचा आवाज, नेहमीसारखा मऊ : "बरं, घे." आणि बटण वर उठल्याचा 'खट्' असा आवाज. पुढची फीत कोरी होती. कॅसेटची दुसरी बाजूही कोरीच होती.

तो आवाज माझा होता, हे सांगायला नकोच. त्या जूनमध्ये भारताने लॉर्ड्सवर आपला पहिला कसोटी विजय मिळवला, दिलीप वेंगसरकरांनी तिथे सलग तिसऱ्या दौऱ्यात शतक ठोकले. सोळा वर्षांच्या मुलाचे लक्ष आणखी कुठे असणार? रेडिओ आणि ध्वनिमुद्रण एकाच यंत्रात असल्याने एक चालू तर दुसरे बंद. त्या दिवशी बंद झाले ते वडिलांचे. मुलाने विचारले, "मग आजोबांनी परत रेकॉर्ड नाही केलं?" आई म्हणाली, "नाही. म्हणाले, मुलांना त्रास होतो."

मला ती संध्याकाळ आठवतही नव्हती. एकत्र ऐकणाऱ्या घराचे जे चित्र मी चाळीस वर्षे उराशी बाळगले होते, त्या चित्रात वडिलांना थांबवणारा मीच होतो, हे त्या फितीने दाखवून दिले. घरात यंत्र एक असले म्हणजे माणसे एकमेकांचे ऐकतात, हा माझा समज किती भाबडा होता! एकाच रेडिओने आम्हांला एकत्र बसवले, हे खरे. पण ऐकून घेणे हा त्या यंत्राचा गुण नव्हता. ज्याच्या अंगी तो होता, त्याने बटण बंद करून माझ्यासाठी जागा करून दिली.

आणि तरीही जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट होती, जी आज नाही. माझा आडमुठेपणा निदान उघड्यावर घडला. त्याला साक्षीदार होते, तो फितीवर उमटला आणि चाळीस वर्षांनी का होईना, मला लाजवून गेला. आज माझा मुलगा त्याच्या खोलीत काय ऐकतो ते मला ठाऊक नाही आणि मी मोबाईलवर कोणाची भाषणे ऐकत असतो ते त्याला. भांडण नाही, म्हणून आम्ही त्याला शांतता म्हणतो. वस्तुतः कोण कोणाचे ऐकत नाही, हे आता कुठेच उमटत नाही.

नव्या यंत्रांची आणखी एक खोड आहे. आपण काय ऐकले ते लक्षात ठेवून ती त्याच्यासारखेच पुढचे आपल्यापुढे ठेवतात. म्हणजे जे आवडते त्याचीच पुन्हा वाढ. आजीचे अभंग माझ्या कानांत शिरले ते मला आवडत होते म्हणून नव्हे. त्या वेळी दुसरा पर्याय नव्हता म्हणून. आवड पुष्कळदा अशीच, दुसऱ्याच्या आवडीच्या बोटाला धरून येते. कॅरममध्ये आपली पाळी येईपर्यंत तिघांचे नेम पाहावे लागतात आणि त्यातूनच आपला नेम सुधारतो, तसेच हे आहे.

तथापि, केवळ उसासे टाकून उपयोग नाही आणि ते न्याय्यही नाही. जुन्या घरात रेडिओचे बटण बहुधा कर्त्या पुरुषाच्या हाती असे. आईचा कार्यक्रम दुपारचा, घरात कुणी नसतानाचा, हा काही योगायोग नव्हे. आज माझी पत्नी स्वयंपाक करताना कानाला लावून तिला हवे ते नाट्यसंगीत ऐकते. त्यासाठी तिला कुणाची परवानगी लागत नाही, याचा मला आनंदच आहे. ज्या मुलाच्या कानांतील बोंडांवर मी टीका करत होतो, त्यानेच आजोबांचा आवाज बुरशीतून सोडवून आणला. तंत्रज्ञानाला शत्रू ठरवून घरे वाचत नाहीत.

मग करायचे काय? दिवसातून एक वेळचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे, असा आग्रह आपल्याकडे अनेक घरांत धरला जातो, आणि तो योग्यच आहे. त्याला एक जोड द्यावी असे वाटते. आठवड्यातून एक तास एकत्र ऐकण्याचा असावा. निवड पाळीपाळीने एकेकाची. ज्याची पाळी असेल त्याने आपल्याला मनापासून आवडते ते ऐकवावे. इतरांनी ते पुरते ऐकावे, मध्येच थांबवू नये, नाक मुरडू नये. लहानांच्या पाळीला मोठ्यांनीही हाच नियम पाळावा. किंबहुना मोठ्यांनीच तो आधी पाळावा. आणि ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी त्यांचा आवाज नोंदवून ठेवावा. त्याला आता वेगळे यंत्र लागत नाही. ते प्रत्येकाच्या खिशात आहे. लागतो तो वेळ, आणि 'अजून किती वेळ' असे न विचारण्याची सभ्यता.

आमच्याकडे हा क्रम तुळशीच्या लग्नापासून सुरू झाला. पहिली पाळी आईची होती. गेल्या रविवारी मुलाची होती. त्याने मराठीतले रॅप लावले. शब्द भराभर जात होते, ठेका कानशिलावर आपटत होता आणि मला त्यातले अर्धेही कळले नाही. मी दोनदा घड्याळाकडे पाहिले. बोललो मात्र नाही.