कैद्याच्या मनाचा हिशेब

'सुधारणा व पुनर्वसन' हे महाराष्ट्राच्या कारागृह विभागाचे ब्रीद आहे. येरवड्याच्या उंच भिंतीशेजारून नित्य जाणाऱ्या पुणेकराने ते वाचले असेल वा नसेल. परंतु भिंतीआडची माणसे आज ना उद्या त्याच्याच शेजारी राहावयास यावयाची आहेत. तेव्हा ती सुधारतात कशी, हा प्रश्न केवळ तुरुंगाधिकाऱ्यांचा नव्हे.

वर्तनवादी मानसशास्त्र सांगते, की ज्या कृतीपाठोपाठ लाभ होतो ती कृती प्राणी पुन्हा करतो. अमेरिकेत स्किनर यांनी हे उंदरांवर व कबुतरांवर सिद्ध केले. आपल्या तुरुंगांत हे तत्त्व नाव न घेता केव्हापासूनच राबत आहे. काम व वर्तणूक यांबद्दल शिक्षेत मिळणारी माफी, संचित व अभिवचन रजा, आणि पुढे खुल्या कारागृहात बदली, हा बक्षिसांचाच जिना होय. त्याच्या पायऱ्या मोजणारे कारकून आहेत. त्या चढताना माणसाच्या मनात काय पालटले हे पाहणारे जवळजवळ कोणी नाही. कारागृहांच्या आदर्श नियमावलीने २०१६ साली पाचशे कैद्यांमागे एक मानसतज्ज्ञ सुचविला. 'इंडिया जस्टिस रिपोर्ट'च्या २०२५ च्या अहवालानुसार देशातील सुमारे पावणेसहा लाख कैद्यांसाठी मानसशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ मिळून अवघे पंचवीस होते! शिवाय २०२२ अखेर शंभरांतील पंचाहत्तरांहून अधिक बंदी कच्चे कैदी होते. त्यांना शिक्षाच झालेली नसल्याने माफीचा जिना त्यांच्यासाठी नाहीच.

तज्ज्ञ नेमले म्हणजे झाले, असेही नव्हे. मिसुरीतील स्प्रिंगफील्डच्या संघीय तुरुंगात १९७२ साली 'स्टार्ट' नावाचा उपक्रम सुरू झाला. दांडगट कैद्यांना त्यांच्या संमतीवाचून तेथे आणावयाचे, साध्या सोयी प्रथम काढून घ्यावयाच्या व आज्ञापालनाच्या मोबदल्यात एकेक परत द्यावयाच्या, अशी त्याची रीत. कैदी न्यायालयात गेले, आणि १९७४ साली तो बंद करावा लागला. हिरावलेल्या हक्कालाच बक्षीस म्हणण्याची ही चलाखी कोठल्याही तुरुंगाला सुचण्याजोगी आहे. वर्गावर काही वर्षे काढलेल्या कोणाही शिक्षकाला ठाऊक असते, की वर्ग गप्प बसणे आणि वर्ग शिकणे या दोन गोष्टी निराळ्या. चतुर विद्यार्थी मास्तरांची पाठ वळेपर्यंतच शहाणा असतो.

याहून निराळा धडा घेण्यास आपल्याला परदेशी जाण्याची गरज नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने १९३९ साली आटपाडीनजीक स्वतंत्रपूर वसविले. तेथे कैद्यांना भिंतीवाचून, शेतीवर व पुढे कुटुंबासह राहू देण्यात आले. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'चे (१९५७) बीज तेथलेच. या प्रयोगातही बक्षीस होते. पण ते विश्वासाचे होते, आणि विश्वास टाकणाऱ्याने त्यात स्वतःची अब्रू पणास लावली होती. चिठ्ठ्या व गुण यांच्या हिशेबात देणाऱ्याचे काहीच जात नाही. चोवीस तास पहारा असलेल्या बराकीत पळून न जाण्याचा सराव तरी कोठून व्हावा?

वर्तनशास्त्राला आमचा विरोध नाही. संतापाच्या क्षणी हात आवरण्यास शिकविणे, व्यसनाची सवय तोडणे, येथे त्याचा उपयोग आहे आणि तो करून घेतलाच पाहिजे. परंतु अन्न, औषध, नातेवाइकांची भेट ही बक्षिसाच्या यादीत कदापि येता कामा नयेत. उपचारास नकार देणाऱ्याची माफी कापली जाऊ नये. आणि बक्षीस नाकारण्याचे कारण कैद्याला त्याच्या भाषेत, लेखी मिळाले पाहिजे.

येरवड्यात गेली कित्येक वर्षे क्षमतेहून पुष्कळ अधिक माणसे कोंबलेली आहेत. त्याच आवारात खुले कारागृहही आहे. तेथे जाण्यास पात्र असूनही बंदिस्त बराकीत पडून असलेले पक्के कैदी किती, मानसतज्ज्ञांची मंजूर पदे किती व त्यांपैकी भरलेली किती, हे आकडे शासनाने विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावेत.