तिशीत नारळ, चाळिशीत ग्रॅमी

अप्रेझल मनासारखं झालं नाही? बॅचमेट पुढे गेले आणि आपण तिथंच, असं वाटतंय? मग आज हेडफोन लावा आणि बॉनी रेटला ऐका. ही अमेरिकन ब्लूज-रॉक गायिका स्लाइड गिटार अशी वाजवते, की गिटारच गायला लागते.

पहिला अल्बम १९७१चा. समीक्षक खूश, खप मात्र बेताचा. १९८३मध्ये कंपनीनं चक्क नारळ दिला. वय ३३! त्यात दारू मागे लागलेली. तरी छोट्या क्लबांतले कार्यक्रम तिनं थांबवले नाहीत. सोडली ती दारू, १९८७च्या सुमारास. मग नव्या कंपनीसाठी दहावा अल्बम केला, 'निक ऑफ टाइम' (१९८९). शीर्षकगीताचा विषय? वाढतं वय! १९९०च्या ग्रॅमीत तो वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला. त्या रात्री तिच्या नावावर एकूण चार ग्रॅमी लागल्या, चाळिशीत.

गंमत पुढेच आहे. २०२३मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, 'जस्ट लाइक दॅट'साठी वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याची ग्रॅमी! स्पर्धेत कोण? बियॉन्से, अ‍ॅडेल, टेलर स्विफ्ट.

तेव्हा रेझ्युमे जरूर अपडेट करा. पण रियाज चुकवू नका, बॉस!