येणार की नाही, तेवढं कळवा!



आज आधी स्वतःची चूक सांगतो, मग मत मांडतो.

काही वर्षांपूर्वी काचीगुड्यातल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांच्या, अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं आमंत्रण मोबाईलवर आलं. मुलगा परदेशात, त्यानं तिथूनच लिंक पाठवलेली. उघडली तर तीन पर्याय: येणार, येणार नाही, नक्की नाही. खाली ‘किती जण?’ माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, जाणं शक्यच नव्हतं. पण शुभकार्याला ‘नाही’ कसं म्हणायचं? जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि फोन बाजूला ठेवला.

खरं सांगायचं तर आपल्याला आमंत्रणाला उत्तर द्यायची सवयच नाही. आमच्या लहानपणी मराठी घरं काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी, गौलीगुडा अशी हाकेच्या अंतरावर होती. घरातली दोन माणसं दारोदारी जाऊन अक्षत द्यायची. तेलुगू शेजारीण कपाळाला कुंकू लावून बोलवायची. पत्रिकेत छापलेलं असायचं, ‘हेच आग्रहाचे आमंत्रण समजावे.’ उलट उत्तर कुणी मागत नसे. कुणाकडे सूतक आहे, कुणाची सून बाळंतपणाला आली आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. विवेकवर्धिनीत कार्यक्रम असला तर एक सतरंजी जास्त अंथरली की काम भागायचं. घरच्या पंगतीत दहा पानं वाढली तर वरणात पाणी वाढायचं!

आता मुलं कोंडापूर, गच्चीबावली, मियापूरला राहतात. हॉल तासांवर मिळतो आणि केटरर आठवडाभर आधी विचारतो, ‘किती प्लेट?’ तो आकडा यजमानानं कुठून आणायचा? आणि आपल्या हैदराबादेत टाळायची सोय तीन-तीन भाषांत! मराठीत ‘बघू, जमवतो’, तेलुगूत ‘चूद्दां’, आणि दखनीत ‘इन्शाअल्लाह, देखेंगे’. ऐकायला गोड, हिशेबाला निरुपयोगी.

इंग्रजी पत्रिकांवर कोपऱ्यात ‘आर.एस.व्ही.पी.’ छापतात. मूळ फ्रेंच शब्दांचा अर्थ एवढाच, की कृपया उत्तर द्या. बँकेत असताना समारंभांची अशी कार्डं खूप पाहिली. त्याखालच्या नंबरवर फोन केलेला माणूस मात्र क्वचितच पाहिला.

मी आयुष्यभर बँकेत खाती सांभाळली, म्हणून मला हे तीन पर्याय तसेच दिसतात. ‘येणार’ दाबून न जाणं म्हणजे खात्यात पैसे नसताना चेक फाडणं. ‘नक्की नाही’ म्हणजे आमचं सस्पेन्स अकाउंट. कुठं टाकायची ते कळत नसेल तर नोंद तिथं ठेवायला हरकत नाही, पण ती वेळेत काढावीच लागते, वर्षानुवर्षं ठेवता येत नाही. आणि ‘येणार नाही’ ही अगदी स्वच्छ नोंद आहे. त्यात अपमान नाही, अपशकुन तर मुळीच नाही.

काही जण म्हणतात, ‘घरी येऊन बोलावलं नाही, नुसती लिंक पाठवली, तिला कसलं उत्तर?’ हा राग मला समजतो. मुलांनीही वडीलधाऱ्यांना निदान एक फोन करावाच. ज्यांना लिंक उघडता येत नाही त्यांच्या वतीनं सुनेनं, नातवानं उत्तर भरावं. पण मान मिळाला नाही म्हणून गप्प बसलो, तर त्याचा भुर्दंड यजमानाला बसतो. अन्न वाया जातं, नाहीतर कमी पडतं.

आता अण्णांचं. दोन महिन्यांनी काठी टेकत त्यांना भेटायला गेलो. रागावले नाहीत. म्हणाले, ‘अरे, रोज रात्री नातीकडून यादी वाचून घ्यायचो. तुझ्या नावापुढं कोरंच. येशील म्हणून पुढची खुर्ची धरून ठेवली होती. दोघा-तिघांना तिथून उठवलं सुद्धा.’

मी म्हटलं, ‘अण्णा, गुडघ्यामुळं येणं शक्यच नव्हतं. नाही म्हणायचा संकोच वाटला.’

‘संकोच कसला? नाही कळवलं असतंस तर दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन मीच आलो नसतो का तुझ्याकडं?’

मला काही बोलता आलं नाही. मी वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलो, आणि ऐंशी ओलांडलेला माणूस त्या संध्याकाळी दाराकडं बघत बसला.

तेव्हापासून आलेल्या आमंत्रणाला मी त्याच दिवशी उत्तर देतो. जाणार नसलो तर ‘नाही’ भरतो आणि वर फोन करून आशीर्वाद देतो. नंतर काही अडचण आली तर उत्तर बदलतो आणि तेही कळवतो. दोन मिनिटांचं काम आहे.

तुमच्याही मोबाईलमध्ये असं एखादं आमंत्रण उत्तराविना पडून असेल. ही पोस्ट वाचून झाली की आधी ते उघडा.