सात इंचांची श्रीमंती

शब्दांना वेठीस धरण्याच्या बाबतीत व्यापारी मंडळींचा हात कवींनाही धरता यावयाचा नाही. 'प्रीमियम इकॉनॉमी' हेच दोन शब्द घ्या. इकॉनॉमी म्हणजे काटकसर आणि प्रीमियम म्हणजे वर मोजावयाचे जादा पैसे. तेव्हा जादा पैसे मोजून करावयाची काटकसर, असा या समासाचा विग्रह होतो. तुपात तळलेल्या साबुदाण्याच्या वड्याला आपण उपवास म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की वडा निदान पोटात तरी जातो.

पण हल्ली या शब्दांना आमच्याकडे मोठीच प्रतिष्ठा आली आहे. दिवाळीला परदेशची मुले घरी यावयाच्या सुमारास कोणत्याही वाड्यात, म्हणजे आता सोसायटीत, कान देऊन ऐका. "आमचा या खेपेला प्रीमियम इकॉनॉमीने येतोय बरं का!" असे कोणी ना कोणी आवंढा गिळून सांगत असतेच. ऐकणाऱ्यालाही काहीतरी थोर ऐकल्यासारखे वाटते. माझे म्हणणे असे आहे की यात थोर काही नाही. आपल्याच खिशातून काढून घेतलेली वस्तू आपल्याच हाती परत विकण्याचा हा धंदा आहे, आणि आपण तो विकत घेऊन वर पेढे वाटीत आहो.

न्यू जर्सीहून मुंबईस परत येताना आमच्या चिरंजीवांनी आम्हा उभयतांना याच वर्गाची तिकिटे काढून दिली होती. जाताना आम्ही मागच्या वर्गात बसून गेलो होतो, तेव्हा दोन्हींची चव माझ्या ओळखीची आहे. आसन मला आवडले. खोटे कशाला बोलू? पाय पसरता आले, पोटऱ्यांना आधार मिळाला, खुर्ची मागे कलती झाली, जेवण चिनी मातीच्या बशीत आले आणि विमान उडण्यापूर्वीच कोणीतरी सरबताचा पेला हातात दिला. अशा सुखाविरुद्ध लिहावयास बसणारा मनुष्य कृतघ्न ठरण्याचा संभव आहे. परंतु माझे भांडण त्या खुर्चीशी नाहीच. तिच्या मागे लोंबणाऱ्या पडद्याशी आणि त्या पडद्यामागे जे मुद्दाम घडवून ठेवले आहे त्याच्याशी आहे.

जरा हिशेब करू. विमानातील ऐसपैसपणा मोजण्याचे एक माप आहे. एका खुर्चीच्या पाठीवरील एखादा बिंदू धरून पुढच्या खुर्चीच्या पाठीवरील त्याच बिंदूपर्यंतचे अंतर मोजतात. हे काही पाय ठेवावयाच्या जागेचे माप नव्हे. त्यातून खुर्चीची जाडी वजा जाते आणि मग गुडघ्यांच्या वाट्याला उरेल ते. आज दूर पल्ल्याच्या विमानांत साध्या वर्गात हे अंतर साधारणपणे ३१ ते ३२ इंच असते, आणि या नव्या मधल्या वर्गात ३८ इंचांच्या आसपास. म्हणजे सहा-सात इंचांची श्रीमंती, आणि तिच्यासाठी दीडपट, कधी दुप्पटही भाडे.

आता दुसरा आकडा पाहा. खुर्च्या आखडत चालल्याबद्दल उतारूंच्या एका संस्थेने अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली होती. २०१७ साली त्या खटल्याच्या निकालात नोंदले गेले की १९७०च्या दशकात हे अंतर सरासरी ३५ इंच होते, ते आता ३१वर आले आहे आणि काही ठिकाणी २८पर्यंतही घसरले आहे. न्यायाधीशबाईंनी या प्रकरणाचे वर्णन अविश्वसनीय रीतीने आकसणाऱ्या खुर्चीचा खटला, अशा अर्थाच्या शब्दांत केले. तेव्हा ३१वरून ३८वर जाण्यासाठी जो गृहस्थ सात इंच विकत घेतो, त्याच्या त्या सातांपैकी चार इंच त्याच्या वडिलांच्या तिकिटात फुकटच होते! नफा म्हणून जमेस धरावयाचे ते तीन इंच. बाकीची घरवापसी.

रुंदीचीही तीच कथा. बोइंग ७७७ या जातीच्या विमानात पूर्वी बहुतेक कंपन्या साध्या वर्गात एका रांगेत नऊ खुर्च्या बसवीत. आता बहुतेक जण दहा बसवितात. विमानाचे पोट तेवढेच राहिले. आतल्या माणसांच्या मात्र कोपरांचे युद्ध सुरू झाले. मधल्या वर्गात त्याच विमानात आठ खुर्च्या असतात. नवांचे दहा केले नसते तर आठांची मातब्बरी ती काय वाटली असती?

या युक्तीचे जनकत्व मात्र विमान कंपन्यांकडे जात नाही. झ्यूल द्युपुई नावाचा एक फ्रेंच अभियंता होता, पुलांचा आणि रस्त्यांचा जाणता, शिवाय अर्थशास्त्रीही. त्याने १८४९ साली आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाबद्दल एक निरीक्षण नोंदवून ठेवले आहे. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्परच नसे आणि बाके लाकडी असत. द्युपुईचे म्हणणे असे की छपराला लागणारे थोडेसे पैसे वाचावेत हा काही कंपनीचा उद्देश नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे ज्याला परवडते त्याने चुकूनही तिसऱ्या वर्गात बसू नये, एवढ्यासाठी गरिबाला पावसात भिजविले जाते. गरिबाशी कंपनीचे वैर नसते. तिला फक्त त्याच्याकडे बोट दाखवून पैसेवाल्याला भिवविता येते. पावणेदोनशे वर्षे होऊन गेली, डब्याला पंख फुटले, पण सूत्र तेच आहे. मागचा वर्ग जितका असह्य तितका मधला वर्ग मोहक. मधल्या वर्गाची खरी जाहिरात मागच्या वर्गातील माणसाच्या गुडघ्यांवर रंगविलेली असते.

आकाशातही ही रीत जुनीच आहे. अटलांटिकवरून जाणाऱ्या विमानांत १९५८ साली 'इकॉनॉमी' नावाचा स्वस्त वर्ग सुरू झाला, तेव्हा कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठराव केला की या उतारूंना गरम जेवण द्यावयाचे नाही. सँडविच द्यावे, आणि तेही साधे, थंड आणि स्वस्त असावे. काही युरोपीय कंपन्यांनी पावाच्या कापावर इतके रुचकर पदार्थ रचले की त्याचे ताटच झाले. झाले! अमेरिकन कंपन्यांनी तक्रार गुदरली, सँडविच कशास म्हणावे यावर पोक्त माणसांची खल-बैठक बसली आणि स्कँडिनेव्हियन कंपनीला दंड झाला. गुन्हा कोणता, तर गरीब उतारूला प्रमाणाबाहेर चांगले खाऊ घातले! ज्यांना माझे म्हणणे अतिशयोक्त वाटत असेल त्यांनी या दंडाचा विचार करावा.

पुढे १९९२ साली व्हर्जिन अटलांटिक या ब्रिटिश कंपनीने मधला वर्ग काढला आणि त्याचे पहिले नाव ठेवले 'मिड क्लास'. त्या मानाने हे नाव प्रामाणिक होते. ते फार दिवस टिकले नाही, हेही ओघानेच आले. स्वतःला मध्यम म्हणवून घ्यावयास पैसे कोण देईल? आपल्या देशात 'विस्तारा' २०१५च्या जानेवारीत सुरू झाली तीच हा वर्ग बरोबर घेऊन. ती २०२४च्या नोव्हेंबरात एअर इंडियात विलीन झाली, वर्ग मात्र उरला. आखाती 'एमिरेट्स'नेही २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या मार्गावर तो आणला. इतक्या कंपन्या एकाच मधाच्या पोळ्याभोवती उगीच जमत नसतात.

यावर एक उत्तर हमखास येते, आणि ते अगदीच पोकळ नाही. "अहो, तुमच्या वडिलांच्या काळी विमानाचे तिकीट कोणाला परवडत होते? विलायतेस जाणारे विद्यार्थी बोटीने आठवडेच्या आठवडे हेलकावे खात जात. आज गावोगावच्या शिक्षकाची, तलाठ्याची मुलगी विमानाने अमेरिकेत जाते, ती खुर्च्या दाटीने बसविल्या म्हणूनच ना?" खरे आहे. दाटी केल्याने भाडे उतरते आणि उतरलेल्या भाड्याने हजारो घरांना आकाश उघडे झाले, हे मी आनंदाने मान्य करतो. परंतु स्वस्ताई म्हणजे किती दाटी, याला काही तळ असावा की नाही? स्वस्त धान्यातही खडे किती असावेत याला मर्यादा असते. आणि ज्या विमानात मागे दाटी होते त्याच विमानात पुढे माणसे आडवी झोपून येतात. जागा नाही असे नाही. ती वाटली कशी जाते हा प्रश्न आहे.

आता त्या मागच्या वर्गात कोण बसते ते पाहू या, कारण मला खरी चीड आहे ती इथे. लेकीचे किंवा सुनेचे बाळंतपण करावयास निघालेली सत्तरीच्या घरातील आई तिथे बसते. पेटीत डिंकाचे लाडू, मेतकूट, अळिवाची पुडी, बाळाची दुपटी. दोन्ही गुडघ्यांत वात. अमेरिकेचा पल्ला एका दमात म्हटला तरी पंधरा-सोळा तासांचा. तिची जागा खिडकीशी, कारण मुलाने हौसेने खिडकी घेतलेली. बाहेर यावयाचे तर दोन परक्या पुरुषांना झोपेतून उठवावे लागते. ते तिच्याच्याने होत नाही. मग ती काय करते? पाणी पिणेच सोडते. परत येताना आमच्या मंडळींनी मला सांगितले की जाताना त्यांनी हेच केले होते, आणि ओळखीच्या चारचौघींनी "आम्हीही तेच करतो" असे म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अभ्यासाने दाखवून दिले आहे की चार तासांहून अधिक वेळ हालचालीवाचून बसून प्रवास केला की पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. हा धोका मुळात थोडा असतो, आणि आगगाडीत, मोटारीतही तो असतोच. तेव्हा महाग खुर्ची म्हणजे औषध, असे कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. औषध एकच, उठून चालणे. पण उठता येईल अशी जागा तर हवी!

आणि मधल्या वर्गाचे नाव काढले की हीच आई म्हणते, "आम्हांला कशाला रे? आम्हांला सवय आहे." मुलगा ऐकतो. तो कचेरीच्या खर्चाने पुढच्या वर्गात बसून हिंडणारा असतो, पण आईचा नकार त्याला सोयीचा वाटतो. आमच्या घरांतून त्यागाची ही जी जुनी चाल आहे, तिच्यावर विमान कंपन्यांचा कितीतरी गल्ला भरत असेल. मी तर म्हणतो, ज्यांना ऐपत आहे त्यांनी आईला न विचारता तिचे तिकीट पुढचे काढावे आणि स्वतः मागे बसावे. पण हा झाला घरापुरता तोडगा. ज्या मुलाला दोन तिकिटांतच कर्ज झाले आहे, त्याच्या आईने काय करावे?

याचे उत्तर आपल्याच एका माणसाने आगगाडीपुरते देऊन ठेवले आहे. मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. राजापूरचे खासदार, पेशाने पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ सालीच रद्द झाला होता, म्हणजे पाटीवरचा तीनाचा आकडा पुसून दोनाचा घातला गेला होता. बाक लाकडाचेच राहिले होते. दंडवत्यांनी त्या लाकडावर दोन इंच जाडीची फोमची गादी घातली. जादा भाडे भरणाऱ्यासाठी वेगळा डबा काढून त्यात नव्हे, सगळ्यांच्या बाकांवर! त्याच वर्षीच्या २६ डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, ती वर्गभेद न ठेवता. बिनछपराच्या डब्याची जी मख्खी द्युपुईने ओळखली होती, ती या प्राध्यापकाने उलटी फिरवून दाखविली. दोन इंचांनी रेल्वेचे दिवाळे वाजले नाही. रात्रभराच्या प्रवासाने पाठ मोडलेल्या माणसाला त्या दोन इंचांत काय मिळाले, हे ज्यांनी त्याआधीचे फळकूट अनुभवले आहे त्यांना विचारावे.

विमानाला हा न्याय लावता येतो. अमेरिकेच्या काँग्रेसने २०१८ साली कायदाच केला की खुर्चीची लांबीरुंदी अमुकापेक्षा कमी असू नये हे हवाई प्रशासनाने ठरवावे. प्रशासनाने २०२२ साली लोकांची मते मागविली, लोकांनी ती हजारोंनी कळविली. आमच्या दिल्लीतील नागरी विमान वाहतूक महासंचालकांनी त्या घोंगड्याकडे पाहत बसण्याचे कारण नाही. भारतात उतरणाऱ्या आणि येथून उडणाऱ्या लांब पल्ल्याच्या प्रत्येक विमानात सर्वांत मागची खुर्चीसुद्धा किती इंचांची असावी, ते त्यांनी ठरवून टाकावे. त्यावर कंपन्यांना मधला वर्ग, वरचा वर्ग, हवे तर तरंगता हौदखाना काढू द्यावा. माझी ना नाही.

तोवर निदान एक गोष्ट उद्याच करता येईल. माझी पेटी २३ किलोंवर अर्धा किलो गेली तर विमानतळावर सर्व जगासमोर तिचे पोट फाडून लोणच्याची बरणी बाहेर काढावयास लावता. तुमचा काटा इतका नाजूक आहे. मग माझ्या खुर्चीचे मापही तिकिटावर छापा. उतारूचे नाव, विमानाचा क्रमांक, सुटण्याची वेळ, आणि त्याखाली ठळक टाइपात: पुढच्या खुर्चीपर्यंत इतके इंच, रुंदी इतके इंच.