रंग सांडला, पाखरू हरवलं

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्याने खाडीकाठच्या छोट्या खंड्याचा फोटो मोठा छापून आणला. चिमणीएवढा जीव, पाठ निळीशार, पोट नारिंगी. गुडघ्यांमुळे दादींचं खाडीवर जाणं दोन वर्षांपासून बंद आहे. त्यांच्यासाठीच हा सगळा उद्योग. त्यांनी चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी धरला आणि म्हणाल्या, "बेटा, रंग तर छान सांडलाय. पाखरू कुठं आहे?"

आम्ही हसलो, पण त्यांचं बरोबर होतं. पाठीवर एकही पीस वेगळं दिसत नव्हतं. फोकस नीट होता, मग चुकलं कुठे?

कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग टिपतो. भडक पक्ष्यात त्यातला एक रंग इतरांच्या आधी काठोकाठ भरतो. भरलेल्या हंड्यात ओतलेलं पाणी वाहून जावं, तसा पिसापिसांतला फरक वाहून जातो. त्यात मागे काळसर पाणी असलं की कॅमेऱ्याला सगळंच अंधारं वाटतं आणि तो उजेड आणखी वाढवतो. म्हणून पडद्यावर तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहावेत. एखादा उजव्या कडेला चिकटला असेल तर एक्स्पोजर उणे ०.३ ते उणे १ पर्यंत उतरवावं. फोटो रॉ प्रकारात घ्यावा आणि रंग भडक करणारी व्हिव्हिड सेटिंग बंद ठेवावी. मोबाइल असेल तर पडद्यावर पक्ष्यावर बोट टेकवून उजेड खाली ओढावा.

खंड्याच्या पाठीत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो, म्हणून ती निळी दिसते. दुपारचं ऊन त्यावर नुसतं चकाकतं. फजरनंतर सूर्य थोडा वर आला की तिरप्या कोवळ्या उन्हात प्रत्येक पिसाला आपली बारीक सावली मिळते. पातळ ढगाळ दिवसही चांगला. शटर १/१००० च्या आसपास आणि फोकस डोळ्यावर ठेवावा. फोटोतले दाणे पुसणारी सोय बेतानेच वापरावी, दाण्यांबरोबर ती पिसांच्या रेघाही पुसते.

धाकट्याला काठाच्या मातीत खंड्याचं बीळ सापडलं होतं. तिथे बसलं तर अगदी जवळून फोटो मिळेल, असा त्याचा हट्ट. आम्ही नाही म्हटलं. माणूस दारात बसला की आईबाप चोचीत मासा धरून बाहेर ताटकळतात आणि पिल्लं आत उपाशी राहतात. तो रुसला. पण मग बिळापासून बराच दूर, खंड्या रोज मासे धरायला बसतो त्या फांदीसमोर, झुडपाच्या आडोशाला तीन सकाळी बसला.

नवा फोटो पहिल्यापेक्षा जरा काळोखा आहे. दादी तो बराच वेळ पाहत राहिल्या. मग बोट टेकवून डोक्यावरचे फिकट निळे ठिपके मोजू लागल्या. मध्येच चुकल्या आणि धाकट्याला म्हणाल्या, "थांब, नेऊ नकोस. पुन्हा पहिल्यापासून मोजते."