मोटारीचा लगाम

स्वतःच्या हातानें मोटारगाडी बांधण्याचा छंद इंग्लंडांत चांगलाच रुजलेला आहे. १९५७ सालीं कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कारखान्यानें ‘सेव्हन’ नांवाची लहान, उघडी व हलकी गाडी काढली. तिचे सुटे भाग घेऊन हौशी लोक ती घरीं जोडीत. कारण तयार मोटारीवरील खरेदीकर त्यामुळें वांचे. १९७३ सालीं ही सवलत संपली, परंतु छंद टिकला. आपल्याकडेही अभियांत्रिकी महाविद्यालयांतील तरुण स्पर्धांसाठीं गाड्या बांधतात.

अशा गाडीस शॉक अॅब्सॉर्बर कोणते घ्यावेत, हा प्रश्न पुष्कळदां किंमत व नांव पाहून सोडविला जातो. नाहीं तर “गाडी शर्यतीची, तेव्हां सर्वांत कठीण तेच घ्या,” असा निकाल दिला जातो. माझ्या मतें हे दोन्ही मार्ग घातक आहेत.

नांवावरून वाटतें कीं हें यंत्र धक्का झेलतें. वस्तुतः धक्का झेलते ती स्प्रिंग. हें यंत्र तिला आवरतें. त्याच्या नळींत तेल असतें. दट्ट्या हालला कीं तें बारीक छिद्रांतून रेटलें जातें, आणि हालचालीची शक्ति उष्णतेंत बदलते. हा आवर कमी पडला तर गाडी होडीसारखी डोलते. फाजील झाला तर चाक खळग्यांत वेळेवर उतरत नाहीं, अधांतरींच राहतें. आणि जें चाक जमिनीस टेकत नाहीं, त्याचा ब्रेकास व वळणास कांहींच उपयोग नाहीं.

तेव्हां निवड गणितानें व्हावी. समजा, एका कोपऱ्यावर स्प्रिंगनें तोललेला भार १२५ किलोग्रॅम आहे, आणि चाक एक मिलिमीटर वर उचलण्यास २० न्यूटन बल लागतें. असा कोपरा सेकंदास सुमारें दोन झोके घेईल. झोका मुळींच उरूं न देण्यास चाकाच्या दर सेकंदास एक मीटर वेगाला सुमारें ३१६० न्यूटन अवरोध लागेल. चपळ गाडीस याच्या निम्म्याहून कांहीं अधिक, म्हणजे सुमारें २००० न्यूटन, ही आरंभास योग्य संख्या होय. मात्र शॉक अॅब्सॉर्बर तरफेच्या मध्यावर बसविला, तर त्याची हालचाल निम्मी आणि चाकावरील बलही निम्में. म्हणून चाकास त्याचा चौथा हिस्साच मिळतो. दुसऱ्याच्या गाडीस शोभलेला माल आपल्यास कां फसवितो, हें यावरून कळेल.

यास्तव प्रथम माणसें व इंधन धरून गाडी तोलावी, मग स्प्रिंग ठरवावी, आणि शॉक अॅब्सॉर्बर शेवटीं घ्यावा. स्क्रू फिरवून कमीजास्त होणारे प्रकार उत्तम खरे. परंतु ते गणिताची उणीव भरून काढीत नाहींत, गणितानंतरची बारीक जुळवणी तेवढी सोपी करितात.

वेग देणाऱ्या इंजिनाची सर्व जण स्तुति करितात. आवरणारा गाडीखालीं दृष्टीआड राहतो. परंतु शेजारच्या आसनावर जो विश्वासानें बसतो, त्याचा परमेश्वरानें दिलेला जीव या दृष्टीआडच्या संयमावरच अवलंबून असतो. तरफ आणि वर्गमूळ वर्गांत शिकतांना हें ध्यानांत ठेवावें.