छपरावरचे ऊन, घरातील उजेड



घरावर सौर पॅनेल बसविण्यापूर्वी मनाशी एक प्रश्न विचारावा: आपणांस वीजबिल वाचवावयाचे आहे, की वीज गेल्यावर उजेड हवा आहे?

बिल वाचविणारा साधा इन्व्हर्टर सरकारी तारेस जोडलेला असतो. तारेतील वीज गेली की दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवास धोका पोहोचू नये म्हणून तोही थांबतो. मग माथ्यावर रणरणते ऊन असूनही पंखा फिरत नाही! २०२४ च्या सूर्यघर योजनेचे अनुदान तारेस जोडलेल्या यंत्रणेसाठी आहे. परंतु कर्नाटकाच्या २०२३ च्या गृहज्योती योजनेमुळे चिंताकीतील ज्या घराचे बिल मुळातच शून्य येते, त्याने बिलापायी कर्ज का काढावे?

अशा घरास हवी ती बॅटरी. ९ वॅटचे चार दिवे व ७५ वॅटचा एक पंखा सहा तास चालविण्यास सुमारे दोन-तृतीयांश युनिट वीज लागते. त्यास १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी व सुमारे ३०० वॅटचे पॅनेल पुरे.

आधी गरज मोजावी, मगच दुकानाची पायरी चढावी. आंधळेपणाने घेतलेले कर्ज फिटेपर्यंत मुलांच्या वह्यापुस्तकांचा पैसा खाते.